वाटेतलं पाणी मोजा

मुलांनो, गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पहिला तास सुरू होता. मी फळ्यावर भागाकार मांडला आणि मागे वळून पाहिलं, तर शेवटच्या ओळीतला एक मुलगा बाकावर डोकं टेकून गाढ झोपलेला! बाकीची मुलं खुदुखुदु हसायला लागली. मी त्याला हलवून उठवलं. तो दचकून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, रातभर दादांबरोबर दाऱ्यावर हुतो. पाटाला पाणी येणार हुतं. आलंच न्हाई. सकाळच्याला आलं."

आमची शाळा इंदापूर तालुक्यात आहे, नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाकडे. इकडे त्याला 'टेल' म्हणतात. पाण्याचं दारं धरायला रात्री रानात जाणं आमच्याकडच्या मुलांना नवीन नाही. मी त्याला रागावले नाही. तोंड धुऊन यायला सांगितलं. पण तो जाता जाता दारातच थांबला आणि त्याने मला एक प्रश्न विचारला.

"बाई, वीर धरणावरनं पाणी सोडलं हे मामानं फोनवर सांगितलं. फोन तर लगेच लागला. मग पाणी का लगेच येत न्हाई? आन् कमी पडतंय म्हणून सांगितलं, तर वाढवलेलं पाणी आम्हांला नको असताना का येतं?"

भागाकार राहिला बाजूला. प्रश्न साधा होता, पण त्याच्या पोटात केवढं मोठं शास्त्र दडलंय! आजच्या पानावर तुम्हांला तेच सांगणार आहे.

आधी आपला कालवा नीट पाहू. १८७६-७७ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर इंग्रज सरकारने पुणे जिल्ह्याच्या या कोरड्या भागासाठी नीरा नदीवरून कालवा काढला. १८८० च्या दशकात त्यातून पाणी वाहू लागलं. हा कालवा वीरहून निघतो. पुरंदर तालुक्यातून बारामती तालुक्यात येतो, बारामती शहरातून जातो आणि सणसर, लासुर्णे असं करत इंदापूर तालुक्यात पुढे पुढे येतो. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी आणि वीर या चार धरणांत साठलेल्या पाण्यावर नीरा खोऱ्यातली शेती अवलंबून आहे. कालव्याची लांबी आहे सुमारे दीडशे किलोमीटर.

आता वही काढा. कालव्याचं पाणी काही मोटारीसारखं पळत नाही. ते आपल्या आजोबांसारखं संथ चालतं. समजा, ते तासाला अडीच किलोमीटर चाललं. मग दीडशे किलोमीटर जायला किती तास?

१५० भागिले २.५. उत्तर ६० तास. म्हणजे अडीच दिवस!

सोमवारी सकाळी सहा वाजता वीरला दार उचललं, तर कालव्याच्या शेवटी ते पाणी बुधवारी संध्याकाळी सहाला पोचेल. आणि सोमवारी सकाळी दार बंद केलं तरीही शेवटच्या गावाला पाणी बुधवार संध्याकाळपर्यंत येतच राहील. कारण ते आधीच वाटेला लागलेलं आहे. आपण 'पुरे' म्हटल्याने ते मागे फिरत नाही.

वाटेतलं हे पाणी किती असेल, याचाही अंदाज करू. पाण्याचा प्रवाह 'क्युसेक'मध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. समजा, कालव्यात ५०० क्युसेक पाणी सोडलं आणि मधे कुणीच उचललं नाही. मग ६० तासांत वाटेवर पसरलेलं पाणी होईल सुमारे ३०० कोटी लिटर. एवढं पाणी ना धरणात, ना रानात. ते असतं वाटेत. धरणावरच्या माणसाने ते हातावेगळं केलेलं असतं आणि रानातल्या माणसाला ते अजून दिसलेलं नसतं. दोघांच्याही नजरेआड असलेलं हे पाणीच सगळा घोटाळा करतं.

माझे सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, टेलचेच शेतकरी. त्यांना मी हा प्रश्न सांगितला तेव्हा ते हसले. म्हणाले, "पोरगं बरोबर बोलतंय. आम्ही तरणे होतो तेव्हा हेच करायचो. पाटाला पाणी बारीक दिसलं की गावची चार माणसं जाऊन आरडाओरडा करायची, पाणी वाढवा. दुसऱ्या दिवशीही बारीकच. मग पुन्हा आठ माणसं जायची, अजून वाढवा. चौथ्या दिवशी दोन्ही वाढलेली पाणी एकदमच यायची. पाटात मावायची नाहीत. चारी फुटायची, कांद्याच्या वाफ्यात पाणी उभं राहायचं. मग बोंब मारायची, पाणी कमी करा! ते कमी झालेलं कळायचं आणखी दोन दिवसांनी. तोवर पुन्हा कोरड."

पाहिलंत? माणसं खोटं बोलत नव्हती. पाणी खरंच कमी होतं. धरणावरच्यांनीही ऐकलं, पाणी वाढवलं. तरी नुकसान झालं. चूक एकच होती. पहिल्या मागणीचं पाणी वाटेत आहे, हे विसरून दुसरी मागणी केली.

आणि ही गंमत नाही बरं का. मे २०२५ मध्ये बारामती तालुक्यात अचानक धो धो पाऊस झाला तेव्हा पिंपळी-लिमटेक भागात नीरा डावा कालवा फुटला. पाणी रस्त्यावर आलं, घरांत शिरलं. तशा वेळी वरचं दार एका मिनिटात बंद करता येईल, पण वाटेत जे पाणी असेल ते कुणाला एका मिनिटात थांबवता येईल? म्हणून वाटेला लागणारा वेळ ओळखणं हे नुसतं गणित नाही. त्यावर कुणाचं तरी पीक आणि कुणाचं तरी घर अवलंबून असतं.

हे सगळं मुलांना समजावं म्हणून मी वर्गात एक खेळ घेतला. तुम्हीही घ्या. साहित्य साधं आहे. मूठमूठभर चिंचोके, एक वाडगा आणि पाच मुलं.

पाच जणांना एका ओळीत उभं करा. पहिला 'वीर'. त्याच्याकडे सगळे चिंचोके. मग 'निंबूत', 'बारामती' आणि 'सणसर'. शेवटची मुलगी 'टेल'. तिच्यापुढे रिकामा वाडगा. वाडग्यात बरोबर १२ चिंचोके हवेत. सहावा मुलगा टाळी वाजवील. प्रत्येक टाळीला ज्याच्या हातात जे असेल ते त्याने पुढच्याला द्यायचं. टाळीच्या आधी टेलने वाडग्यात पाहायचं आणि किती कमी आहेत ते मोठ्याने सांगायचं. तेवढे चिंचोके वीरने निंबूतच्या हातावर ठेवायचे. म्हणजे निरोप लगेच पोचतो, पाणी मात्र चौथ्या टाळीला पोचतं. अगदी आपल्या कालव्यासारखं!

आमच्या वर्गात काय झालं ऐका.

पहिल्या टाळीआधी वाडगा रिकामा. टेल म्हणाली, "बारा!" वीरने बारा दिले. दुसऱ्या टाळीआधी वाडगा रिकामाच. "बारा!" तिसऱ्या टाळीआधीही रिकामा. "अरे, बारा म्हणते ना!" चौथ्या टाळीआधीही तेच. "बारा!" चौथी टाळी वाजली आणि पहिले बारा चिंचोके वाडग्यात पडले. टेल खूश झाली, म्हणाली, "पुरे!" वीरने हात आखडला. पण पाचवी टाळी वाजली आणि आणखी बारा पडले. सहाव्या टाळीला आणखी बारा. सातव्या टाळीला आणखी बारा. बारा हवे होते, वाडग्यात झाले अठ्ठेचाळीस! टेल "थांबा, थांबा" म्हणून ओरडत होती आणि अख्खा वर्ग हसत होता.

हसणं थांबल्यावर मी विचारलं, "यात कुणाची चूक?"

कुणी म्हणालं वीरची, कुणी म्हणालं सणसरची. झोपलेला तो मुलगा मात्र गप्प होता. थोड्या वेळाने त्याने हात वर केला. "बाई, टेलनं नुसता वाडगा बघितला. पोरांच्या हातातलं बघितलंच न्हाई."

शाब्बास! मला हेच उत्तर हवं होतं.

मग आम्ही डाव पुन्हा मांडला. आता टेलच्या हातात एक पाटी दिली. तिने जेवढे मागितले तेवढे पाटीवर लिहायचे आणि वाडग्यात पडले की तेवढे खोडायचे. म्हणजे वाटेत किती आहेत, ते पाटीवर दिसतं. नियम असा, की वाडग्यातले आणि पाटीवरचे मिळून बारा भरत असतील तर गप्प बसायचं. पहिल्या टाळीला तिने बारा मागितले. दुसऱ्या टाळीआधी वाडगा रिकामा, पण पाटीवर बारा. ती गप्प. तिसऱ्या टाळीआधी गप्प. चौथ्या टाळीआधीही गप्प, पण गप्प बसणं फार जड जात होतं बरं का! चौथ्या टाळीला बरोबर बारा चिंचोके वाडग्यात पडले. एक कमी नाही, एक जास्त नाही.

तुम्हांला वाटेल, जमलं की! पण शेतातलं पीक काही पाणी नुसतं साठवून ठेवत नाही, ते पिऊन टाकतं. म्हणून तिसऱ्या डावात एक मूल 'ऊस' झालं. वाडग्यात पाणी आल्यावर प्रत्येक टाळीनंतर त्याने दोन चिंचोके उचलायचे. पाटीचा नियम तोच. काय झालं? वाडगा कमी होत होत चारवर आला आणि तिथेच थांबला. बाराऐवजी चार! आठ कमी पडले.

आठच का? विचार करा, मग पुढे वाचा.

पाणी यायला चार टाळ्या लागतात. त्या चार टाळ्यांत ऊस आठ चिंचोके पितो. आपण आजच्या गरजेपुरतं मागितलं, पण ते पोचणार चार टाळ्यांनंतर. तोवरची तहान आपण हिशेबात धरलीच नाही. मग नियम बदलला. बारा अधिक आठ, म्हणजे वाडग्यात आणि वाटेत मिळून वीस भरले पाहिजेत. घ्या हा डाव आणि पाहा. सुरुवातीला वाडगा थोडा जास्त भरेल, आणि मग बारावर येऊन स्थिर होईल. आण्णा हीच गोष्ट एका वाक्यात सांगतात, "पाणी तहान लागायच्या आधी मागायचं असतं."

आता तुम्हांला कळेल की कालव्याच्या पाण्यासाठी शेतकरी आधीच सात नंबरचा अर्ज का भरतात. कुणाला किती एकराला, कोणत्या पिकाला पाणी हवं, हे आधी कळलं तरच दार योग्य दिवशी उचलता येतं. पाण्याची पाळी ठरवतात, आवर्तनाचा कार्यक्रम आखतात, तो यासाठीच. आवर्तनात आधी टेलला पाणी द्यायचं आणि मग वर वर यायचं, अशीही एक रीत आहे. आणि शेटफळ हवेलीच्या तलावासारखा तलाव कालव्याच्या पाण्याने भरून ठेवला, की त्याच्या खालच्या गावांना दरवेळी वीरच्या पाण्याची वाट पाहावी लागत नाही. जवळ साठा असला की लांबच्या वाटेचा जाच कमी होतो. घरात आई पिठाचा डबा तळाला जायच्या आधीच दळण टाकते ना? तसंच.

तुमच्या पाटीवरच्या हिशेबाला शास्त्रात मोठं नाव आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे ऑटो स्मिथ नावाचे एक प्राध्यापक होते. कारखान्यांतही हीच अडचण यायची. इथे व्हॉल्व्ह फिरवला तर त्याचा परिणाम लांब नळीच्या दुसऱ्या टोकाला बऱ्याच वेळाने दिसायचा. तोवर यंत्र घाईघाईने आणखी फिरवायचं आणि सगळं वरखाली व्हायचं. १९५७ साली स्मिथ यांनी उपाय मांडला. यंत्राच्या जवळ त्या लांब वाटेची एक हिशेबी नक्कल ठेवायची. दिलेला हुकूम सध्या वाटेत कुठे असेल, त्याचा काय परिणाम होईल, हे नक्कल सांगते. मग यंत्र दिसतं त्यावरच नव्हे, तर येणार आहे त्यावरही विचार करतं. याला 'स्मिथ प्रेडिक्टर' म्हणतात. प्रेडिक्टर म्हणजे पुढचं सांगणारा. ज्योतिषी नव्हे हं! हा ग्रह पाहत नाही, पाटी पाहतो.

पण एक लक्षात ठेवा. नक्कल चुकली तर हिशेबही चुकतो. कालव्यात गवत वाढलं, कुठे पाणी झिरपलं, वर कुणी जास्त उचललं, तर अडीच दिवसांचे तीन दिवस होतात. म्हणून वाट किती वेळ घेते, हे पुन्हा पुन्हा मोजावं लागतं.

आतापर्यंतच्या गोष्टीत निरोप लगेच जात होता आणि पाणी उशिरा येत होतं. पण निरोपच उशिरा पोचला तर? ही फजिती मात्र माझ्या स्वतःच्या घरची आहे.

आता गावोगावी मोबाईलवर चालणारे स्टार्टर आले आहेत. घरबसल्या फोन करायचा आणि विहिरीवरची मोटार सुरू होते. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचं असंच यंत्र बनवलं. त्याला २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळालं. रात्री-अपरात्री लाइट येते, तेव्हा काट्याकुट्यातून, साप-विंचवातून विहिरीवर जाण्याचा त्रास अशा यंत्रांनी वाचतो. आमच्याकडे दुसऱ्याच एका बनावटीचं यंत्र होतं. त्याला एक फोन केला की मोटार चालू, पुन्हा फोन केला की बंद. मोटार चालू झाली की फोनवर तसा संदेश यायचा.

एका रात्री बारा वाजता थ्री फेज लाइट आली. मी फोन केला. संदेश आला नाही. दोन मिनिटं थांबले. वाटलं, फोन लागला नसेल. पुन्हा फोन केला. थोड्या वेळाने संदेश आला, 'मोटार चालू आहे.' मी निश्चिंत झोपले. सकाळी आण्णा रानातून आले ते कपाळाला आठ्या घालूनच. गव्हाला थेंबभर पाणी गेलं नव्हतं!

काय झालं असेल? ओळखा पाहू.

पहिल्या फोनने मोटार सुरू झाली होती. तिचा संदेश मात्र कुठेतरी अडकला होता. मी केलेल्या दुसऱ्या फोनने ती बंद पडली. आणि मग उशिरा येऊन पोचला तो पहिल्या फोनचा संदेश! मी वाचली ती बातमी खरी होती, पण शिळी होती. आण्णा मला एक शब्द बोलले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यातून मी तीन गोष्टी शिकले. तुम्हीही शिका, कारण मोठमोठी यंत्रंही याच तीन गोष्टींवर चालतात.

पहिली गोष्ट, हुकूम स्पष्ट हवा. 'आहे त्याच्या उलट कर' असा हुकूम दोनदा गेला तर घोटाळा होतो. 'चालू कर' हा हुकूम दहा वेळा गेला तरी मोटार चालूच राहते. वर्गात मी 'उभे राहा' असं दोनदा म्हटलं तर तुम्ही खाली बसता का?

दुसरी गोष्ट, निरोपावर वेळ हवी. पूर्वी पत्रं चार-चार दिवसांनी यायची. 'बाळाला ताप आहे' असं वाचून मुंबईचा माणूस घाबरायचा, तोवर इकडे बाळ अंगणात खेळत असायचं! पण शहाणी माणसं आधी पत्रावरची तारीख आणि टपालाचा शिक्का बघायची. बातमी किती दिवसांची आहे, हे कळलं की मधल्या काळात काय झालं असेल याचा अंदाज बांधता येतो. माझ्या संदेशावर '१२ वाजून १ मिनिटाची स्थिती' असं लिहिलेलं असतं, तर ती माझ्या दुसऱ्या फोनच्या आधीची बातमी आहे, हे मला तेव्हाच कळलं असतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. जिथे घाई आहे तिथे शहाणपण जागेवरच हवं. विहिरीतलं पाणी संपलं आणि मोटार कोरडी चालू लागली, तर ती जळते. तेव्हा यंत्राने मला विचारायचं, मी झोपेतून उठायचं, मग उत्तर द्यायचं, एवढा वेळ कुठे असतो? म्हणून चांगल्या स्टार्टरमध्ये कोरडी मोटार ओळखून ती तिथल्या तिथे बंद करायची सोय असते. आधी बंद कर, मग मालकाला सांग. गरम तव्याला हात लागला की तुम्ही आईला विचारून हात मागे घेता का?

हीच तिसरी गोष्ट घेऊन आपण थेट चंद्रावर जाऊ या. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर लांब आहे. रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात, तरी त्यांना तिथे पोचायला सव्वा सेकंद लागतो. जाऊन-येऊन अडीच सेकंद. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी आपलं चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं. तुम्ही ते टीव्हीवर पाहिलं असेल. उतरतानाची शेवटची काही मिनिटं शास्त्रज्ञ नुसते पडद्याकडे बघत बसले होते, आठवतं? ते आळशी नव्हते! खड्डा दिसला, निरोप पृथ्वीवर आला, इथून हुकूम गेला, तोवर यान खड्ड्यात! म्हणून उंची मोजायची, वेग कमी करायचा, सपाट जागा शोधायची, हे सगळं यानाला आधीच शिकवून ठेवलं होतं.

मंगळाची वाट तर आणखी लांब. २४ सप्टेंबर २०१४ ला आपलं मंगळयान मंगळाभोवती फिरू लागलं, तेव्हा तिथून निरोप यायलाच बारा मिनिटांहून जास्त वेळ लागत होता. यानाचं इंजिन वीस मिनिटांहून थोडा अधिक वेळ पेटवायचं होतं. निरोप येऊन उत्तर जाईपर्यंत तर ते विझायची वेळ झाली असती! म्हणून सगळे हुकूम काही दिवस आधीच यानाच्या स्मरणात भरून ठेवले होते, कोणत्या क्षणी काय करायचं ते वेळेसकट. म्हणजे तहान लागायच्या आधी पाणी मागायचं, हे आण्णांचंच तत्त्व की नाही?

तेव्हा वाट लांब असेल तर काय करायचं, ते पुन्हा एकदा म्हणू या. वाटेला किती वेळ लागतो ते मोजायचं. तेवढा वेळ आधी मागायचं. मागितलेलं वाटेत किती आहे ते पाटीवर लिहायचं. बातमीवरची वेळ बघायची. आणि घाईच्या जागी शहाणपण आधीच पोचवून ठेवायचं.

जाता जाता पालकांनाही दोन शब्द सांगते. रागावू नका. आपली मुलंही टेललाच असतात. आज शिकवलेलं त्यांच्यात आजच दिसत नाही. पाढे पाठ करून घेतले आणि आठवड्याच्या चाचणीत गुण वाढले नाहीत, की आपण लगेच दुसरी शिकवणी लावतो. तरी वाढले नाहीत, की तिसरी. मग एक दिवस मूल पुस्तक बघितलं तरी कंटाळतं. आपण वाडगा पाहतो, वाटेतलं पाहत नाही. चांगल्या शिकवणीचं पाणीही संथ चालतं. पहिलं पोचेपर्यंत दुसरं सोडू नका. मी बाई असून हे सांगते, कारण ही चूक माझ्याच हातून वर्गात बरेचदा झाली आहे.

आणि तो झोपाळू मुलगा? त्याची गोष्ट राहिलीच. खेळ झाल्यावर आमच्या वर्गाने एक वही घातली. तिचं नाव 'पाण्याची वही'. वीरहून पाणी कधी सुटलं, हे मोठ्यांकडून विचारायचं. बारामतीला कुणाची आत्या, सणसरला कुणाचे मामा, लासुर्ण्याला कुणाची मावशी. पाणी आपल्या गावापाशी कधी पोचलं, ते त्यांनी फोनवर सांगायचं आणि मुलांनी वार, तास, मिनिट लिहायचं. तीन आवर्तनांच्या नोंदी झाल्या. प्रत्येक वेळचा आकडा थोडा वेगळा आला. मग मुलांनी त्यांची सरासरी काढली. माझा अर्धवट राहिलेला भागाकार असा पुरा झाला!

चौथ्या आवर्तनाच्या वेळी त्या मुलाने वहीवरून हिशेब केला आणि घरी सांगितलं, "दादा, पाणी पहाटे चारच्या आत येत न्हाई. तवर झोपा." त्याचे वडील हसले, पण झोपले. साडेतीनचा गजर लावून उठले. पाणी आलं साडेपाचला. हिशेब दीड तासाने चुकला होता.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला तो टक्क जागा. चूक झाल्याने थोडा हिरमुसला होता. मी त्याला वही उघडायला सांगितली. त्याने साडेपाच हा नवा आकडा लिहिला आणि सरासरी पुन्हा काढायला बसला.

तुमच्या गावात कालवा नसेल, तर एसटी असेल, नळाचं पाणी असेल, टपाल असेल. वाट कुठली किती वेळ घेते ते आठवडाभर मोजा, वहीत लिहा आणि मला नक्की कळवा.

तुमची,
बाई